मधला हात

भुरी कुत्री मेली ती आमच्याच उंबऱ्यापुढं. मी तोंडात ब्रश घेऊन बाहेर आलो तर ती पाय ताणून पडलेली, तोंडाला फेस, अन् शेजारी बुंदीच्या लाडवाचा अर्धा तुकडा. आई आतून म्हणली, "हात लावू नको." मी लावला न्हाई. ब्रश मात्र तोंडातच राहिला. फेस माझ्याबी तोंडाला होता. नेमकं तवाच तिचं पिल्लू, म्हणजे आता चांगलं दांडगं झालेलं काळं कुत्रं, कोपऱ्यावरनं आलं. त्यानं आधी तिला बघितलं, मग मला बघितलं, अन् दोन पावलं मागं सरलं.

एरवी मी यावर आठवडाभर लोकास्नी हसवलं आसतं. त्या दिवशी नुसती चूळ भरली.

केजच्या जीपस्टँडमागं आमची गल्ली. त्या दिवसांत आसपासची कुत्री एकेक करून मरत होती. कुणी म्हणायचं कोंबड्या धरतेत म्हणून, कुणी म्हणायचं लेकराला चावलं म्हणून. टाकतंय कोण, ते कुणालाच म्हाईत न्हाई. ज्याला विचारावं तो मोबाइलमधी बघायचा. पण लाडू ज्यानं कुणी टाकला त्याला एक गोष्ट पक्की म्हाईत होती: आमच्या गल्लीतलं कुत्रं कुणाच्याबी हातचं, कायबी, कुठंबी खातं.

अन् त्यात काळं तर पहिल्या नंबरचं. भाकर खायचं, केळाची साल खायचं, फळवाल्या चाचाच्या गाड्याखाली पडलेलं टरबूज खायचं. एकदा माझा इअरफोन खाल्ला, तो परत मिळाला, पण मी वापरला न्हाई. तसं ते कुणाचंच न्हवतं. झोपायचं मात्र माझ्या चपलांवर, अन् मी गल्लीच्या तोंडाला ज्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो तिथं काउंटरखाली दिवस काढायचं.

त्याला खादाड करायला कारण त्याचा रंग. शनवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकर घातली की साडेसाती हलकी होती म्हणतेत. आमच्या भागात काळं कुत्रं हे एकच, अन् साडेसाती घरटी एक. शनवारी सकाळी गल्लीत बायामाणसांची लाइन लागायची. ज्याच्या त्यानं आपल्या हातानं द्यायची, उजव्या हातानं, तोंडापुढं धरून. कुत्र्यानं खाल्ली की हात जोडायचे. रविवारी त्याला पोटामुळं उठता यायचं न्हाई. त्याचं सगळं शिक्षण हे असं झालेलं: माणसाचा हात पुढं आला की तोंड उघडायचं. गल्लीनं लाडानं शिकवलेलं. आता तेच त्याच्या जिवावर उठलं होतं.

आधी मी त्याला बांधलं. तर ते रडायला लागलं. भुंकलं आसतं तर चाललं आसतं. पण मान वर करून, लांबच लांब, भर दुपारी रडायचं. कुत्रं रडलं की घरात काय होतं हे आमच्याकडं लेकरालाबी म्हाईत हाय. त्यातच दोन घरं सोडून राहणाऱ्या काकूंचा पोरगा अंबाजोगाईला दवाखान्यात होता. शाळेत माझ्याच वर्गातला. ताप डोक्यात गेलता, डोळे उघडत न्हवता. त्यांच्या दारावरनं जाताना आमी चपला वाजवत न्हवतो, अन् हे भाड्या तिथं गळा काढायचं.

आई म्हणली, "सोड त्याला. उद्या काय बरंवाईट झालं तर तुझ्या कुत्र्याचं नाव येईल."

सोडलं. म्हणजे आता उरलं एकच. त्याला नको म्हणायला शिकवायचं. जन्मभर हो म्हणत आलेल्या कुत्र्याला.

मी दुकानात बसून मोबाइलवर कुत्री शिकवायचे व्हिडिओ बघायला लागलो. एक साहेब दिसायचा. पांढरी फरशी, पांढरं कुत्रं, कमरेला बारकी पिशवी. साहेबानं बोट वर केलं की कुत्रं बसायचं, अन् पिशवीतनं त्याला पनीर मिळायचं. मी नकला करतो, माझं भांडवल म्हणा की रोग म्हणा तेवढाच हाय. शाळेत सरांची केली अन् पट्ट्या खाल्ल्या, आता गिऱ्हाइकाची करतो अन् मालकाच्या शिव्या खातो. म्हणून साहेबाची बी केली: "गुड बॉय! गुऽऽड बॉय!" काळ्यानं मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

पहिल्या दिवशी मुठीत बिस्कीट धरलं. साहेब म्हणायचा, कुत्रं मूठ चाटंल, चावंल, ढकलंल; द्यायचं न्हाई. ज्या क्षणी ते तोंड मागं घेईल त्या क्षणी इनाम द्यायचं, ते बी दुसऱ्या हातानं अन् आधीच्याहून भारी. आमच्या काळ्यानं मूठ हुंगली अन् झोपलं. शनवार होता. पोट भरलेल्याला इनामाचं काय?

तवा आईच्या पाया पडलो. म्हणलं, ह्याला आता कुणीच वाडगं ठेवायचं न्हाई. दिवसभराचं जे काय खाणं आसंल ते माझ्या हातनं, शिकता शिकता. आई म्हणली, "मुक्या जिवाला उपाशी मारतो का काय?" म्हणलं, "उपाशी न्हाई गं, तेवढंच खाईल. पण कमवून खाईल." ती म्हणली, "मग हेच आधी तुला लागू करते." अन् खरंच तिनं त्या दिवशी दळण आणल्यावरच ताट वाढलं.

सुरू केलं. उजव्या मुठीत भाकरीचा तुकडा, डाव्या खिशात उकडलेलं अंडं न्हाईतर सुकट. ते उजवी मूठ चाटायचं, दात लावायचं, पंजा मारायचं. माझा हात सोलवटून निघाला. मी दगडागत बसायचो. कधीतरी कटाळून ते नाक मागं घ्यायचं, अन् तेवढ्यात मी "हां!" म्हणून डाव्या हातानं अंड्याचा तुकडा त्याच्या तोंडात. उजव्या मुठीतलं मात्र कधीच द्यायचं न्हाई. ते परत डब्यात. हळूहळू त्याला कळायला लागलं की उजव्या हाताला तोंड फिरवलं की डावा हात उघडतो.

डावा हात मी मुद्दाम धरला. कारण गल्लीत कुणीबी, अगदी इख घालणाराबी, खायचं डाव्या हातानं देणार न्हाई. सवयच न्हाई आपल्यात. आई बघायची अन् कपाळाला हात लावायची. "डाव्या हातानं वाढतेत व्हय रे कुणाला? उगं दोष लागंल."

मूठ झाली, मग उघडा तळवा. मग जमिनीवर तुकडा, वर माझा पाय. मग पाय काढून. मग मी उभा राहून. चुकलं की मी तुकडा उचलायचो अन् पाठ फिरवायचो, मारायचं न्हाई, वरडायचं न्हाई. मग परक्याचा हात पायजे म्हणून चाचाकडं गेलो. चाचाचा फळांचा गाडा गल्ली अन् स्टँड यांच्या मधी लागतो. म्हणलं, "चाचा, त्याला टरबूज दाखवा, पण देऊ नका."

चाचा म्हणले, "बेटा, मी सगळ्या केजला हेच करतो. दाखवतो, देत न्हाई, लोक भाव करून जातेत." तरी त्यांनी फोड धरली. काळ्यानं फोडीकडं बघितलं, लाळेची तार जमिनीला टेकली, अन् मान फिरवून ते माझ्या डाव्या हाताकडं आलं. चाचा बघतच राहिले. "या अल्ला! रोजा धरायला लावला का काय कुत्र्याला?"

"रोजा सोडायचा कसा, ते बी शिकवायचंय चाचा."

कारण शिकल्यावर वाडगं परत सुरू करायचं, तर त्यातलं खायला परवानगीचा एक शब्द लागतो. साहेब 'ओके' म्हणायचा. मी 'खा' म्हणून बघितलं, पण अख्खी गल्ली त्याला 'खा खा' म्हणत आलेली, त्या लाडू टाकणाऱ्यानंबी भुरीला तेच म्हणलं आसंल. मला आसा शब्द पायजे होता जो कुत्र्याला खाऊ घालताना कुणी म्हणणार न्हाई. तवा स्टँडवर जो माणूस ओरडून ओरडून जीप भरतो त्याची नक्कल माझ्या तोंडात होती, माझी सगळ्यात चांगली नक्कल. छाती फुगवून, नाकातनं: "चलाऽऽ अंबाजोगाई, बाजोगाई, बाजोगाई!" ते म्हणलं की वाडगं मोकळं. दोन-तीन दिवसात बसलं.

चाचा केळी पुसता पुसता म्हणले, "अरे अकलमंद, तो तर दिवसभर तेच वरडतो."

म्हणलं, "लांब हाय चाचा. अन् आपलं काळं तुमच्या गाड्याच्या पुढं जात न्हाई. तिथली कुत्री फाडतील त्याला."

स्टँडवर आता कुत्री राहिलीच न्हवती, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई.

मग तो शनवार आला. लोकास्नी मी आधीच सांगून ठेवलतं, बाबांनो, आता भाकर आणली तर माझ्या हातात द्या, मी देतो. कुणी ऐकलं, कुणी म्हणलं नकल्याचं नवं खूळ, अन् शेजारच्या गल्लीतल्या काळ्या म्हशीला घालून आले. मी म्हणलं, शनी म्हशीलाबी चालवून घेईल, लई नडलाय तो आपल्याकडं.

काकू ह्यातलं काय ऐकायला गल्लीत न्हवत्याच. त्या दवाखान्यात, फरशीवर बसून. आदल्या रात्री कपडे घ्यायला आलेल्या, सकाळी परत जायचं होतं. जायच्या आधी त्या भाकर घेऊन आल्या. गरम, तेल लावलेली, मधी मीठ. डोळे सुजलेले. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. खाली बसल्या अन् भाकर काळ्याच्या तोंडापुढं धरली.

"खा रे बाबा. खा."

काळं बसलं. नाक हाललं. घशातनं बारीक आवाज काढला. अन् मान फिरवली.

काकूंनी दुसऱ्या बाजूनं धरली. त्यानं परत फिरवली. माझ्या डाव्या हाताकडं. जसं शिकवलतं तसंच, इतकं नीट की साहेबानं टाळ्या वाजवल्या आसत्या.

"तोंड फिरवलं त्यानं," काकू म्हणल्या. मला न्हाई, कुणालाच न्हाई.

मी खाली बसलो. "काकू, तसं न्हाई. मी शिकवलंय त्याला. लाडू टाकतेत ना, म्हणून. तुमी माझ्या हातात द्या, आत्ता खाईल ते."

"मधी हात आला की लागत न्हाई रे ते. ज्याचं त्यानंच द्यायचं आसतं."

"आवो काकू, खरंच सांगतो..."

"तू गंमत नको करू," त्या म्हणल्या. "आज नको."

मी कुठं गंमत करत होतो? पण जन्मभर नकला केल्यावर माणूस खरं बोलायला लागला तरी लोक शेवटी हसू कुठं येतं त्याची वाट बघतेत. काहून माझ्यावर इश्वास ठेवावा त्यांनी?

अन् शब्द माझ्या जिभेवर होता. तो म्हणलो आसतो तर काळ्यानं त्या घडीला ती भाकर गिळली आसती. पण मग परक्याचा उजवा हात परत चांगला झाला आसता, सगळं शिकवलेलं पाण्यात, अन् पुढचा उजवा हात कुणाचा, काय घेऊन आलेला, कुणाला म्हाईत? ते बी सोडा. ज्या बाईचा पोरगा अंबाजोगाईला डोळे मिटून पडलाय, तिच्या तोंडापुढं मी नाकातनं "चला अंबाजोगाई" वरडू? तिनं मला काय समजावं?

पयल्यांदा आयुष्यात माझ्याकडं आवाज न्हवता, कुणाचाच.

काकू उठल्या. भाकर पदरात गुंडाळली, पिशवी घेतली अन् स्टँडकडं निघाल्या. त्यांची चाल बघून मला भ्या वाटलं. निकाल ऐकून कोर्टातनं बाहेर पडल्यागत चालत होत्या. मी मागनं, "काकू, पिशवी द्या तरी," म्हणत. माझ्यामागं काळं.

चाचाच्या गाड्यापाशी मी वळून काळ्याला म्हणणारच होतो की थांब, तर ते माझ्या बाजूनं पुढं निघून गेलं. हद्द ओलांडून. आडवायला तिथं आता कुत्रंच न्हवतं. लिंबाखाली जीप उभी होती, तिच्या मागच्या चाकापाशी कागदाचा तुकडा, अन् कागदावर लाडू. बुंदीचा. गोल, आख्खा.

काळं त्याच्यापुढं जाऊन बसलं.

बसलं! खाल्लं न्हाई. लाळ गळत होती, आंग थरथरत होतं, अन् ते मागं वळून मला बघत होतं. माझ्या परवानगीची वाट बघत.

अन् जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून तो माणूस उभा होता. त्यानं गुटखा थुकला, एका हातानं वरचा दांडा धरला, अन् त्याची छाती फुगली. ती छाती मी आरशापुढं लई फुगवलीय. किती फुगल्यावर आवाज बाहेर येतो ते मला त्याच्याइतकंच म्हाईत हाय. तिच्यात अन् आवाजात एका उडीचं अंतर होतं.

"चलाऽऽ अं..."

मी उडी मारली अन् त्याच्या तोंडावर हात दाबला. दोघंबी जीपवर आपटलो. त्यानं माझ्या तळहाताला चावा घेतला अन् कानाखाली आशी ठेवून दिली की मला शिट्टी ऐकू यायला लागली.

"येडा झाला का बे? तोंड काहून धरतो माझं?"

स्टँड हसायला लागला. पानवाला हसला, जीपमधी बसलेले हसले. सगळ्यास्नी वाटलं, नकल्याची नवी नक्कल हाय. मी हात जोडले, रडतच होतो बहुतेक. "मामा, पाया पडतो, दोन मिनिटं वरडू नका. ते कुत्रं तुमच्या आवाजावर खातंय. लाडू बघा. लाडू बघा तिथं."

मामानं खाली बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. हसणं एका बाजूनं थांबत गेलं.

काळं अर्धं उठलं होतं. अर्धाच शब्द आलता, म्हणून अर्धंच. नाक लाडवापाशी, डोळे माझ्याकडं. मी डावा हात खाली केला अन् म्हणलं, "हिकडं." माझाच आवाज होता, फाटका. ते लाडू सोडून आलं. आख्खा बुंदीचा लाडू सोडून, त्या खादाडानं! अन् माझ्या डाव्या तळहातात नाक घातलं.

हात रिकामा होता. खिसाबी. अंडं सकाळच्या शिकवणीतच संपलं होतं. तळव्यावर फकस्त मामाच्या दातांचे वण. ते चाटत होतं अन् वर बघत होतं. साहेबानं एवढं एकच निक्षून सांगितलं होतं: सगळ्यात मोठ्या मोहातनं आलं तर सगळ्यात मोठं इनाम द्या, अन् लगेच द्या. रिकामा हात दाखवला की पुढच्या येळी ते येणार न्हाई. लाडू अजून तिथंच होता. मी गुडघ्यावर बसून दोन्ही खिसे उलटे केले. रिचार्जची चिठ्ठी निघाली, स्क्रू निघाला.

"म्हणजे," मागनं काकू म्हणल्या, "माझी एकटीचीच न्हाई नाकारली त्यानं."

"न्हाई वो काकू. कुणाचीच घेत न्हाई ते. तेच तर सांगत होतो."

त्या लाडवाकडं बघत होत्या, मग कुत्र्याकडं. मग त्यांनी पदर सोडला अन् भाकर माझ्या डाव्या हातावर ठेवली. अजून कोमट होती.

"दे."

"काकू, मधी हात..."

"दे म्हणलं ना."

मी तुकडा मोडला, डाव्या हातानं दिला. परत मोडला, परत दिला. काळ्यानं सगळी खाल्ली, माझी बोटं चाटली, तेल चाटलं. काकू शेवटच्या घासापस्तोर बघत उभ्या होत्या. हात मात्र जोडले न्हाईत त्यांनी. डोळे पुसले अन् जीपमधी चढल्या.

चाचानं लाडू कागदासकट उचलला. मी तो लिंबामागं खड्डा करून पुरला, वर दगड ठेवला. त्यात काय होतं का न्हाई, आजबी म्हाईत न्हाई. कुणाच्या तरी पिशवीतनं पडलेला साधा लाडूबी आसंल. मला तेवढं धाडस झालं न्हाई बघायचं.

मामा गाल चोळत म्हणले, "आता गाडी भरू का साहेब, का कुत्र्याला विचारून येऊ?" गाडी अर्धी रिकामी होती, भरल्याबिगर निघणार न्हाई, अन् काकू आत बसलेल्या. म्हणून मी वरडलो, चाचाच्या आवाजात: "घ्या, घ्या, गोऽऽड हाय अंबाजोगाई! कापून दाखवतो, मग बसा!" चाचा गाड्यावरनं शिव्या देत होते. लोक हसत हसत चढले. काळं माझ्या पायाशी बसून ऐकत होतं, अन् त्यातलं कायबी त्याच्या उपयोगाचं न्हवतं. दुसऱ्या दिवसापासनं मला नवा शब्द शोधायचा होता, परत बंद मुठीपासनं.

जीप हालली तवा काकूंनी खिडकीतनं मान बाहेर काढली.

"पुढच्या शनवारी मला येणं होईल का न्हाई."

"मी देतो काकू. तुमच्या नावानं."

"डाव्या हातानं?"

"त्याला डावाच कळतो."

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं.

"आसू दे," म्हणल्या.